नॉइज काढला की फोटो सारवल्यासारखा होतो, कडा कशा वाचवायच्या?

हा प्रॉब्लेम मला दरवर्षी जत्रेच्या सीझनला येतो, म्हणून यावेळी एकदाचं सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वर्षी मलाच परत शोधत बसायला नको. आमचं गाव सिंधुदुर्गात, जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार असतो, नाटक उभं राहायलाच मध्यरात्र उलटते आणि पहाटेपर्यंत चालतं. फ्लॅश मारायचा नाही हा माझाच नियम (नट दचकतो आणि पुढे बसलेल्या आज्या उद्धार करतात ते वेगळंच), त्यामुळे ५० एमएमची लेन्स १.८ ला पूर्ण उघडी, शटर १/२०० आणि आयएसओ (सेन्सरवर आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ६४०० नाहीतर १२८००. घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडला की सगळीकडे वाळू भुरभुरल्यासारखी दिसते, हाच तो नॉइज. मग नॉइज रिडक्शनचा स्लायडर उजवीकडे ओढायचा, वाळू जाते, छान वाटतं, आणि दोन मिनिटांनी लक्षात येतं की वाळूबरोबर बरंच काही गेलंय.

मागच्या वर्षी असाच एक साफ केलेला फोटो शेजारच्या काकांना दाखवला. काका राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करतात, आणि दशावतारात रंगवायला वेगळा माणूस नसतो, नट स्वतःच आरसा समोर धरून स्वतःला रंगवतो, तासभर लागतो त्याला. काकांनी मोबाईलवर फोटो दोन बोटांनी मोठा केला, जरा वेळ बघितला आणि म्हणाले, "रे, माझो चेरो सारवलेल्या खळ्यासारखो कित्याक दिसता? भुवयेर रेघ मारलेली ती खंय गेली?" 

खरंच गेली होती. भुवईच्या वर त्यांनी काडीने एक बारीक रेघ ओढलेली, माझ्या फोटोत ती जेमतेम दोन पिक्सेल जाडीची होती आणि नॉइज रिडक्शनने ती धुऊन टाकली. तासाभराची मेहनत एका स्लायडरमध्ये. तेव्हापासून ही रेघच मी टेस्ट म्हणून वापरतो. फोटोतला नॉइज किती गेला हे मी आता नंतर बघतो, आधी रेघ आहे का ते.

आता मुळात असं का होतं, तर फिल्टरला कळत नसतं रेघ कुठली आणि वाळू कुठली. त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच, शेजाऱ्यापेक्षा वेगळा दिसणारा पिक्सेल. साधा गॉशियन ब्लर म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी आजूबाजूच्यांची सरासरी टाकायची, जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. वाळू सरासरीत विरघळते कारण ती कधी वर असते कधी खाली, पण कडेच्या एका बाजूला ४० आणि दुसऱ्या बाजूला २०० (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) असेल तर मधे १२० चा चिखल होतो. याला इलाज नाही, गॉशियनने नॉइज काढून कडा ठेवायच्या हा विषयच सोडून द्या, जे लोक आधी ब्लर मारतात आणि मग शार्पन मारतात त्यांना चिखलाभोवती पांढरी किनार मिळते, बाकी काही मिळत नाही.

मग मी कुठेतरी वाचलं की मीडियन फिल्टर कडा सांभाळतो. हे अर्धं खरं आहे. तीन बाय तीनची खिडकी घ्या, त्यात नऊ पिक्सेल, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे आणि बरोबर मधला, म्हणजे पाचवा, उचलायचा. सरळ जाड कड असेल तर खरंच मस्त काम होतं, कारण मधला आकडा कुठल्यातरी खऱ्या पिक्सेलचा असतो, सरासरीचा चिखल नसतो. पण एक पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ घ्या, रेघ ४० आणि भोवती २००. खिडकी बरोबर रेघेवर ठेवली तरी तिच्यात ४० चे तीनच येणार आणि २०० चे सहा, पाचवा आकडा २००. रेघ संपली, पुसट बिसट नाही, पूर्ण गायब. दोन पिक्सेलची रेघ असेल तर ४० चे सहा येतात आणि ती वाचते, पण लोक तीनने नॉइज गेला नाही म्हणून पाचची खिडकी लावतात, तिथे २५ मधले १०च रेघेचे, परत गायब. कोपऱ्याचंही तसंच, काटकोनाच्या टोकावरच्या पिक्सेलला आपल्या बाजूचे चारच मिळतात नवापैकी, म्हणून मीडियन मारलेल्या फोटोत मुकुटाची टोकं साबण वापरून झिजल्यासारखी गोल दिसतात. मीडियनची खरी जागा म्हणजे मीठ-मिरी टाइपचा नॉइज, जिथे तुरळक पिक्सेल एकदम पांढरे नाहीतर एकदम काळे झालेत आणि बाकीचे ठीक आहेत. रात्रीच्या फोटोत तसं नसतं, तिथे प्रत्येक पिक्सेल थोडा थोडा चुकलेला असतो.

तो का चुकलेला असतो हे एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जातं. प्रकाश म्हणजे फोटॉन, आणि ते पावसाच्या थेंबांसारखे कसेही पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडले तर त्यात वरखाली साधारण १०० चा होतो, म्हणजे १ टक्का, डोळ्याला दिसत पण नाही. १०० च पडले तर वरखाली १० चा, म्हणजे १० टक्के, झाली वाळू. वर्गमूळाचा हिशोब आहे. आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला असं आपण म्हणतो खरं, पण आयएसओ बिचारा नुसता आवाज मोठा करतो, मूळ उजेडच कमी होता. म्हणून सगळ्यात स्वस्त नॉइज रिडक्शन म्हणजे शटर. नट नाचत असताना १/२०० लागतं, मान्य, पण राजा बाकड्यावर बसून लांबलचक संवाद म्हणतो तेव्हा १/६० ला आरामात मिळतो, तीनपट जास्त उजेड, आणि हे मी पाच वर्षं केलं नाही कारण सेटिंग बदलायचा कंटाळा.

तर आता बायलॅटरल फिल्टर. हा मला पर्सनली आवडतो आणि त्याचं एक कारण अगदी भावनिक आहे, टोमासी आणि मंदुची या दोघांनी तो ज्या पेपरमध्ये मांडला तो पेपर १९९८ च्या कॉम्प्युटर व्हिजनच्या आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्समधला, आणि ती कॉन्फरन्स झाली मुंबईत. प्रोसीडिंग्जवर बॉम्बे छापलंय. आयडिया इतकी साधी की वाटतं आपल्याला का नाही सुचली. सरासरी काढताना शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे, तू किती जवळ आहेस आणि तू माझ्यासारखा दिसतोस का. दोन्ही उत्तरं बरी असतील तरच त्याचं मत धरायचं. म्हणजे कडेपलीकडचा पिक्सेल अगदी चिकटून असला तरी रंग वेगळा म्हणून त्याचं वजन जवळजवळ शून्य, कड वाचली.

आणि इथेच माझे दोन रविवार गेले. ओपनसीव्ही नावाच्या प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत बायलॅटरल लावला, सगळीकडे उदाहरणात असतो तसा डायमीटर ९, सिग्माकलर (रंगातला किती फरक चालवून घ्यायचा) ७५, सिग्मास्पेस (किती लांबचा शेजारी धरायचा) ७५, आणि रिझल्ट हुबेहूब गॉशियन ब्लर. कडाबिडा काही नाही, नुसता धूसर. मला वाटलं लायब्ररी बिघडली, परत इन्स्टॉल केली, जुनं व्हर्जन टाकून बघितलं, लॅपटॉपला पण दोष दिला. शेवटी एकदा इमेजचा मॅक्सिमम प्रिंट केला तर आला १.०. रॉ फाईल (सेन्सरवरून आलेली, कॅमेऱ्याने साफ न केलेली) वाचताना मी ती फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, शून्य ते एकच्या रेंजमध्ये आणलेली, आणि सिग्माकलर ७५ हा ० ते २५५ वाल्या इमेजसाठी असतो. ज्या फोटोत एकदम काळ्या आणि एकदम पांढऱ्यात फरकच १ चा आहे तिथे ७५ ची सवलत दिली तर फिल्टरला सगळे पिक्सेल भाऊ भाऊ वाटणार, रंगाच्या प्रश्नाला सगळ्यांना ०.९९९९ मार्क, उरला फक्त अंतराचा प्रश्न, म्हणजे गॉशियन. तर तुमचा बायलॅटरल ब्लरसारखा वागत असेल तर बाकी काही करायच्या आधी रेंज बघा. ७५ ला २५५ ने भागा, साधारण ०.२९ येतं, ते टाका. आणि उलटा घोळ पण होतो, सायकिट-इमेज या दुसऱ्या लायब्ररीच्या उदाहरणातला ०.०५ घेऊन २५५ वाल्या फोटोवर ओपनसीव्हीत टाकला तर काहीच होत नाही, नॉइज जसाच्या तसा, आणि माणूस म्हणतो हा फिल्टर बोगस आहे.

रेंज सुधारली तरी ७५ हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. माझ्या त्या फोटोत काकांच्या कपाळाचा रंग १७० च्या आसपास, रेघ १२०, फरक ५०. सिग्माकलर ६० ठेवला तर पलीकडच्या पिक्सेलच्या मताला अजून ७१ टक्के किंमत मिळते, रेघ जाणारच. २५ ठेवला तर साधारण १३-१४ टक्के, रेघ वाचते. पण मग नॉइज किती आहे तेही बघायला लागतं. पाठीमागच्या पडद्याचा सपाट भाग निवडा, ५० बाय ५० चा तुकडा कापा आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते (यालाच सिग्मा म्हणतात), काढा, मला मिळालं २०. आता बघा पंचाईत, नॉइज २० चा, रेघ ५० ची, म्हणजे रेघेचा पिक्सेल आणि जरा जास्तच भरकटलेला पिक्सेल यात फारसा फरक उरला नाही. बायलॅटरल इथे हात टेकतो कारण तो एका पिक्सेलकडे बघून ठरवतो आणि तो एक पिक्सेलच मुळात खोटं बोलतोय.

म्हणून पुढची पायरी नॉन-लोकल मीन्स, २००५ सालचा, बुआडेस, कोल आणि मोरेल या तिघांचा. हा एकट्या पिक्सेलवर विश्वासच ठेवत नाही. पिक्सेलभोवतीचा सात बाय सातचा चौकोन उचलतो, ४९ पिक्सेल, आणि आजूबाजूच्या २१ बाय २१ च्या मैदानात तसाच दिसणारा चौकोन अजून कुठे आहे का ते शोधतो, आणि जिथे जिथे सापडेल तिथल्या मधल्या पिक्सेलांची सरासरी घेतो. भुवईवरची रेघ लांब असते ना, मग रेघेच्या एका तुकड्यासारखे दहा तुकडे तिच्याच बाजूने पुढे सापडतात, रेघेची सरासरी रेघेशीच होते. ४९ जणांनी एकदम एकाच दिशेने खोटं बोलणं अवघड. टाइम मात्र खातो, एका पिक्सेलमागे ४४१ चौकोन गुणिले ४९, म्हणजे २१,६०९ वजाबाक्या, आणि फोटो २४ मेगापिक्सेलचा, लायब्ररीवाले युक्त्या वापरून ते बरंच कमी करतात तरी माझा पंखा विमानासारखा वाजतो. त्यातला एच नावाचा आकडा म्हणजे जोर, तो मी मोजलेल्या सिग्माच्या ०.८ पटीपासून सुरू करतो आणि मग रेघ बघत बघत खाली आणतो. याच विचाराचा पुढचा प्रकार म्हणजे २००७ चा बीएमथ्रीडी, फिनलंडमधल्या टांपेरेच्या लोकांचा, तो सारखे चौकोन पत्त्यांसारखे एकावर एक रचून सगळ्या गठ्ठ्यालाच एकदम साफ करतो. वेळ असेल तर तो वापरा, मला क्वचितच असतो.

"मी नॉन-लोकल लावला तरी काही फरक नाही, उलट डाग डाग दिसतात" अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा फोटो जेपेग आहे. कॅमेऱ्याने जेपेग करताना स्वतःचं नॉइज रिडक्शन आधीच मारलेलं असतं, मग ८ बाय ८ च्या चौकोनात दाबून भरलेलं असतं, त्यामुळे वाळूचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झालेल्या असतात. हे सगळे फिल्टर असं धरून चालतात की प्रत्येक कण सुटा आहे. गुठळी बघितली की त्यांना वाटतं हे डिझाईन आहे, आणि ते ती मोठ्या प्रेमाने जपून ठेवतात! फोनच्या फोटोचं तर अजूनच, फोनने आधीच सहा-आठ फ्रेम जोडून, घासून, धार लावून दिलेलं असतं, त्यावर परत काही करणं म्हणजे केलेल्या भाजीला परत फोडणी. रॉमध्ये काढा. रॉमध्ये काढलं नसेल तर जे आहे त्यावर समाधान माना, थोडा रंगाचा नॉइज काढा आणि सोडून द्या.

आता या सगळ्यात मला सर्वात उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगतो, कुठलाही फिल्टर असो, कुठलंही सॉफ्टवेअर असो. साफ केलेला फोटो मूळ फोटोतून वजा करा. जो फरक येईल तो पाच पटीने वाढवा आणि त्यात १२८ मिळवा म्हणजे राखाडी कागदावर दिसेल. म्हणजे फिल्टरने काय काय काढून फेकलं त्याची केराची टोपली उघडून बघायची. टोपलीत नुसती वाळू असेल तर फिल्टर इमानदार आहे. मी काकांचा जुना फोटो असा वजा करून बघितला तर टोपलीत अख्खे काका बसलेले, भुवया, मुकुटावरच्या टिकल्यांच्या रांगा, धोतराच्या चुण्या, सगळं स्वच्छ दिसत होतं, इतकं की मूळ फोटोपेक्षा तोच फोटो बरा वाटला. जोर कमी करत जा आणि टोपलीतून माणूस नाहीसा होईपर्यंत थांबू नका. डोळ्याने नुसतं आधी-नंतर बघून हे कळत नाही कारण गुळगुळीत फोटो पहिल्या नजरेत नेहमी भारीच वाटतो, आणि पीएसएनआर वगैरे फोटोचा दर्जा मोजणाऱ्या आकड्यांचाही भरवसा नाही, सपाट पडद्याचा भाग मोठा असेल तर रेघ खाऊनही आकडा चांगला येतो.

टोपलीतून माणूस जाईपर्यंत जोर कमी केला तर वाळू थोडी उरते, मग काय? तर इथे रंग आणि उजेड वेगळे करायचे. फोटो लॅब किंवा वायसीसी मध्ये न्या, म्हणजे उजेडाचा एक चॅनेल आणि रंगाचे दोन. आपल्या डोळ्याला बारीक डिटेल उजेडातच दिसतं, रंगात डोळा बराच आंधळा आहे, त्यामुळे रंगाच्या चॅनेलांवर जोरात झाडू मारला तरी चालतो, ते लाल-हिरवे-जांभळे डाग जातात आणि कडा हलत नाहीत, कारण कडा उजेडाच्या चॅनेलमध्ये सुरक्षित बसलेल्या. उजेडावर मात्र हलका हात. माझं प्रमाण साधारण असं की रंगावर उजेडाच्या तिप्पट. उरलेली एकरंगी वाळू दिसू दे हो, ती फिल्मच्या ग्रेनसारखी दिसते, प्रिंट काढली तर ती पण दिसत नाही. लोकांना खटकतात ते रंगीत डाग, वाळू नाही, हे मला पन्नासेक फोटोंनंतर कळलं. रंग साफ करताना कडेला रंग बाहेर सांडल्यासारखा झाला, म्हणजे लाल शेल्याचा लाल गालावर आला, तर गाइडेड फिल्टर वापरा, २०१० चा आहे, तो उजेडाच्या चॅनेलला नकाशा धरून रंग साफ करतो, मग सांडत नाही.

स्टेजच्या लाइटचा एक खास त्रास आहे तो फार कोणी सांगत नाही. आजकाल जत्रेत लाल-निळ्या एलईडी लावतात, राक्षस आला की सगळं लाल. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अर्धे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे असे बसवलेले असतात, कोडॅकच्या ब्राइस बायरने १९७६ च्या पेटंटमध्ये मांडलेली रचना. म्हणजे शुद्ध निळ्या लाइटमध्ये तुमच्या २४ मेगापिक्सेलमधले ६ च काम करतायत, बाकीचे अंधारात बसून नुसता नॉइज लिहितायत. वर तुम्ही व्हाइट बॅलन्स करून चेहरा गोरा करायला गेलात की सॉफ्टवेअर नेमके तेच अंधारातले चॅनेल चार-पाच पटीने वाढवतं. अशा फोटोला कुठलाही डिनॉइज लागू पडत नाही. लाल असेल तर लालच ठेवा, नाहीतर ज्या चॅनेलवर उजेड पडलाय तेवढा एकच उचलून ब्लॅक अँड व्हाइट करा, फोटो बदलून जातो अक्षरशः.

अजून एक म्हणजे संकासुर. दशावतार बघितला असेल तर माहीत असेल, अख्खा काळ्या कपड्यात, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. याच्या फोटोत असं व्हायचं की जीभ आणि शेजारचा उजेडातला चेहरा मेणाचा व्हायचा आणि काळ्या कपड्यात वाळू तशीच. कारण वर सांगितलेला वर्गमूळाचा हिशोब, उजेडात आणि अंधारात नॉइज वेगवेगळा असतो आणि मी सगळीकडे एकच सिग्मा लावत होतो. जुना उपाय आहे, अँस्कोंबने १९४८ मध्ये दिलेला, फोटॉनच्या आकड्यात ३/८ मिळवा, वर्गमूळ काढा, दोनने गुणा, की नॉइज सगळीकडे जवळपास सारखा म्हणजे १ होतो, मग फिल्टर मारा आणि उलटं करून परत या. हातानं करायचा कंटाळा असेल तर डार्कटेबल हे रॉ फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं डिनॉइज प्रोफाइल्ड मॉड्यूल हेच करतं, तुमचा कॅमेरा आणि आयएसओ ओळखून. त्यात उजेड-रंग वेगळे करायची सोय पण आहे. कोडिंग येत नसेल तर बाकीचं विसरा, हे एक मॉड्यूल नीट शिका, दोन संध्याकाळी पुरतात.

बारीकसारीक दोन. प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल किंवा निळा ठिपका चमकत असेल तर तो हॉट पिक्सेल, त्याच्यासाठी पूर्ण फोटोवर मीडियन मारू नका, हॉट पिक्सेलचं वेगळं मॉड्यूल असतं ते फक्त तेवढा ठिपका बदलतं. आणि आडवे काळे पट्टे येत असतील तर तो नॉइजच नाही, ते लाइटचं लुकलुकणं आहे, आपल्या विजेचे ५० हर्ट्झ म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर १/१०० किंवा १/५० ला आणा, कॅमेऱ्याचं सायलेंट शटर बंद करा. डिनॉइजने पट्टे काढायला गेलेला एक मित्र आहे माझा, तो मीच.

क्रम पण महत्त्वाचा. शार्पन नेहमी शेवटी, डिनॉइजच्या नंतर, आणि फोटोचा साइज कमी केल्याच्याही नंतर. आधी शार्पन केलं की वाळूच्या प्रत्येक कणाला धार येते आणि मग फिल्टरला ती कड वाटते. शार्पनला मास्क लावा, म्हणजे फक्त कडांवर लागेल, पडद्यावर नाही. आणि एक आळशी युक्ती जी मी कबूल करतो की सगळ्यात जास्त वापरतो, साफ केलेला फोटो वरच्या लेअरला ठेवायचा आणि ओपॅसिटी ७० करायची. मूळची थोडी वाळू परत येते, पण तिच्याबरोबर रेघेचा जीव पण परत येतो.

पेटीवाले, पखवाजवाले एका जागी बसलेले असतात त्यांच्यासाठी तर फिल्टरच नको. कॅमेरा खांबाला टेकवून १६ फोटो सलग काढा, जुळवून सरासरी घ्या, नॉइज चौथ्या भागावर येतो आणि कड एक केसभर पण हलत नाही कारण शेजाऱ्याला विचारलंच नाही कुणी, त्याच पिक्सेलला सोळा वेळा विचारलं. हात मात्र धूसर येतो पेटीवाल्याचा, तो मी एका फ्रेममधून कापून चिकटवतो.

एआयवाले डिनॉइज पण वापरून बघितले. रिझल्ट बघून आधी तोंडात बोट गेलं, खरंच सांगतो, वाळू शून्य आणि कडा सुरीसारख्या. मग झूम केलं तर मुकुटावरच्या टिकल्यांच्या जागी कसलीतरी जाळीदार नक्षी, जी त्या मुकुटावर नाहीच, आणि काकांची रेघ ठळक होऊन भुवईला जोडून टाकलेली. त्याने असे हजारो चेहरे पाहिलेत, त्यातली सरासरी भुवई त्याने काकांना लावली. लग्नाच्या फोटोला चालेल. जोर तिशीच्या आत ठेवला तर इथेही चालतं, पण केराची टोपली तपासूनच, आणि इथे टोपलीत काय गेलं याबरोबर काय नवीन आलं हे पण बघायला लागतं.

हे सगळं रात्रीच्या फोटोचं. मधे मामेभावाने घरातल्या मोडी कागदांचे फोटो पाठवले आणि म्हणाला तुझ्या त्या फिल्टरने साफ करून दे, वाचायला देऊया कुणाला तरी. त्याने हातभर लांब बंद (जुना मोडी लिहिलेला लांब कागद), अख्खा एका फोटोत बसवून, मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला, माझ्याकडे पोचेपर्यंत उंची १६०० पिक्सेल. बंद असेल ८० सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला एक पिक्सेल, बोरूची रेघ दोन पिक्सेल आणि अनुस्वार पण दोनच पिक्सेल, कागदावरचा किड्याचा डाग पण दोन पिक्सेल. आता यातला अनुस्वार कुठला आणि डाग कुठला हे फिल्टरच काय, मोडी वाचणारा पण नाही सांगू शकणार. मी त्याला म्हटलं, बाबा रे, ३०० डीपीआयला तुकड्या तुकड्याने स्कॅन कर. तसं केलं तर मिलिमीटरभराचा अनुस्वार जवळपास १२ पिक्सेल रुंद येतो, क्षेत्रफळ शंभरावर, आणि धुळीचे ठिपके दोन-चार पिक्सेलचे. मग २० पिक्सेलपेक्षा लहान सुटे ठिपके उडवून टाका, अनुस्वार सगळे शाबूत. कागद पिवळा-काळपट असेल तर आधी मोठ्या खिडकीचा मीडियन, ५१ वगैरेचा, मारून नुसता कागदाचा रंग मिळवा (अक्षरं त्यात गायब होतात, इथे तेच हवंय) आणि मूळ फोटोला त्याने भागा, पार्श्वभूमी सपाट पांढरी होते आणि शाईच्या कडेला हात लागत नाही. काळं-पांढरं करताना पूर्ण पानाला एकच थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्याखाली काळं धरायचं ती सीमा) नको, साउवोलाची पद्धत घ्या, ती प्रत्येक भागाचा उजेड बघून ठरवते. इथे बायलॅटरल, नॉन-लोकल कशाचीच गरज पडली नाही. भाऊ अजून स्कॅन करतोय, अकरा बंद झाले, कागद बांधून ठेवलेल्या रुमालात किती आहेत ते त्यालाच माहीत.

काकांचा फोटो मी रॉवरून परत केला, प्रोफाइल्ड मॉड्यूल, रंगावर जोरात, उजेडावर हलका, ७० टक्के, आणि शेवटी मास्क लावून थोडं शार्पन. रेघ आली. प्रिंट नेऊन दिली तर त्यांनी चष्मा लावून रेघ बघितली, मान हलवली आणि म्हणाले डावी भुवई त्या दिवशी जरा वाकडीच झाली होती, ती पण दिसतेय आता. निळ्या लाइटमधला एक फोटो मात्र अजून अडलाय, राक्षस हवेत उडी मारलेला, १२८०० ला, चेहऱ्यावर फक्त निळा. एकच चॅनेल घेऊन करून बघितला, कडा येतात पण डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. कुणाला काही सुचलं तर सांगा, रॉ फाईल देतो.